पाचव्यांदा सोडताना

प्रश्न : वय ४१. दोन पेगांपासून सुरुवात झाली, आता रोज पाऊण बाटली लागते. चार वेळा सोडली. एकदा नऊ दिवस टिकलो, एकदा अडीच महिने. मुलीला शब्द दिला होता, तोही मोडला. सकाळी सही करताना हात थरथरतो, म्हणून हल्ली दोन घोट घेऊनच बाहेर पडतो. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? पाचव्यांदा सोडायची तर वेगळं काय करू?

उत्तर : चारदा सोडणाऱ्या माणसाला इच्छाशक्ती नाही असं कोण म्हणेल? मी सोळा वर्षं प्यायलो आणि गेली एकोणीस वर्षं प्यायलेलो नाही, पण तुमच्याएवढी इच्छाशक्ती माझ्याकडे कधीच नव्हती. तुमच्या पत्रात मला खटकले ते सकाळचे दोन घोट.

उतारा लागायला लागला की गोष्ट सवयीची राहत नाही, शरीर अडून बसलेलं असतं. दारू मेंदूला गुंगवते. तो बिचारा कामावर राहण्यासाठी वर्षानुवर्षं उलटा जोर लावत असतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. सहा-आठ तासांत घाम आणि थरथर, पहिल्या दोन दिवसांत कधी फिट, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कधी भ्रम. उपचार झाले नाहीत तर यात माणसं दगावतात.

मीही एका शनिवारी अशीच 'आजपासून बंद' केली होती. तिसऱ्या रात्री चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. थोरला भाऊ उशाशी बसून म्हणतोय, "अरे, काही नाहीये तिथं," आणि मी आपला झटकतोच आहे. पहाटे मला उचलून दवाखान्यात नेलं. मूर्खपणा असा की सोडायच्या आदल्याच दिवशी मी डॉक्टरांना भेटून आलो होतो. 'किती घेता?' म्हटल्यावर खऱ्याच्या निम्मा आकडा सांगितला, आणि औषधही त्या निम्म्या आकड्याचं मिळालं.

तेव्हा पहिलं काम हे. डॉक्टरांकडे जा आणि पाऊण बाटली म्हणा, सकाळच्या घोटांसकट. मागच्या चार वेळी काय काय झालं तेही सांगा. ते काही दिवस उतरत्या मात्रेत औषध देतील, जोडीला बी-१ जीवनसत्त्व. दारूमुळे ते फार कमी झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही भेट होईपर्यंत रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतू नका. दारू सोडण्याबद्दल लिहिताना हे वाक्य विचित्र वाटेल, पण तुमच्या अवस्थेत एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पुढे नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी न पिता राहायला मदत करणारी औषधंही असतात. त्यांबद्दल विचारायला लाजू नका.

हा सोपा भाग झाला. शरीर आठवड्याभरात बऱ्यापैकी सुटतं. मग संध्याकाळ होते.

माझी वेळ सव्वासातची. एका जुन्या सोबर माणसानं सांगितलं, "कामावरून निघायच्या आधी पोटभर जेव." मला हसू आलं होतं. पण माझी निम्मी तल्लफ नुसती भूक निघाली! भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चौघांपैकी दारात कोण उभं आहे ते आधी बघायचं, असं ते म्हणायचे. उरलेली तल्लफ चढते तशी उतरतेही, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ हातांना काम हवं. मी बूट पॉलिश करायचो, घरातल्या सगळ्यांचे. बायको अजून चिडवते की त्या वर्षी शेजाऱ्यांचे बूटसुद्धा चमकत होते.

शब्द देणं मात्र बंद करा. मुलीला, बायकोला, कुणालाच नको. शब्द एकट्यानं पाळायचा असतो आणि हे काम एकट्याचं नाही. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. पाच महिने दारू बंद, धंद्यातला बेत नुकताच फिसकटलेला. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि ज्याच्याशी बोलता येईल असा एखादा दारुडा शोधू लागला. भेटले डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. पंधराच मिनिटं देईन म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा, अशा अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संस्थेची सुरुवात ही अशी. आणि त्या भेटीनंतरही डॉक्टर एकदा घसरले, बरं का! संस्था आपला स्थापना दिवस मानते तो १० जून, त्यांनी शेवटची दारू घेतली तो.

तल्लफ आली की ज्यांना फोन करता येईल अशा तिघांच्या नंबरांची चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवायचो. नंबर मोबाइलमध्येही होते, पण चिठ्ठी बोटांना लागते.

अडीच महिन्यांनी तुम्ही कशावर घसरलात ते लिहिलेलं नाही. मी सातव्या महिन्यात घसरलो, आणि तेही आनंदात. बढती मिळाली होती, म्हटलं एक बीअर. त्या रात्री खरंच एकीवर थांबलो आणि तिथंच फसलो, कारण 'जमतंय की' असं वाटलं. अकराव्या दिवशी सकाळचा उतारा परत सुरू. तसं झालंच तर 'आता घेतलीच आहे, तर...' हे वाक्य डोक्यात येईल. ते येताच त्याच तासाला चिठ्ठी काढा, सोमवारपर्यंत थांबू नका. आग्रह करणाऱ्यांना कारणं देऊ नका. कारणावर वाद घालता येतो, 'मी घेत नाही' यावर येत नाही. आणि 'बिनअल्कोहोल' बीअरपासूनही लांब राहा. तिच्यात बऱ्याचदा अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, आणि नसलं तरी फेस तोच.

प्रश्न : मिस्टर डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. त्यांच्या नकळत जेवणात मिसळायची, दारू सोडवणारी पूड मिळते म्हणतात. देऊ का?

उत्तर : नको, ताई. पुडीत काय आहे ते तुम्हाला कोण सांगणार? त्यात डायसल्फिराम असेल आणि वर ते प्यायले, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो. हृदय अधू असेल तर जिवावर बेततं. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

ते येत नसतील तर तुम्ही एकट्या डॉक्टरांना भेटा. अल-अनॉन हे घरच्यांचे गट १९५१ पासून आहेत. तिथंही त्यांच्याशिवाय जाता येतं. आणि त्यांच्या वतीनं खोटं बोलणं थांबवता आलं तर बघा. माझी बायको आठ वर्षं माझ्या साहेबांना 'यांना ताप आहे' असं कळवत होती. एका सकाळी तिनं नंबर लावला, फोन माझ्या हातात दिला आणि आंघोळीला निघून गेली. साहेबांनी विचारलं, "काय झालंय?" मला ताप म्हणताच येईना.