लष्करी युनिटमधल्या सहाय्यक कर्मचाऱ्यांना मानसिक आरोग्यासाठी नेमकं काय शिकवायचं?

क्लार्क, नर्सिंग असिस्टंट, धर्मगुरू यांना समुपदेशक बनवायच्या भानगडीत पडू नका. धोका ओळखून योग्य माणसाकडे पाठवता आलं तरी पुरे. नमुना म्हणून ब्रिटिश रॉयल मरीन्समध्ये सुरू झालेली ‘ट्रिम’ (ट्रॉमा रिस्क मॅनेजमेंट, म्हणजे आघातानंतरचा धोका ओळखायची) पद्धत बघा.

स्फोट, साथीदाराचा मृत्यू अशा घटनेनंतर साधारण ७२ तासांनी पहिली मुलाखत, महिन्याभराने दुसरी. प्रश्नांचा क्रम ठरलेला: घटनेआधी, घटना घडताना, नंतर. ऐकता ऐकता १० मुद्दे तपासायचे. जीव जाईल असं वाटलं का, अपराधी वाटतंय का, दुसऱ्याला दोष देतोय का, रोजची कामं अडतायत का, दारू वाढली का, वगैरे. प्रत्येक मुद्द्याला ० ते २ गुण. सुरुवातीला झोप उडणं स्वाभाविकच, त्यामुळे खरी नजर दुसऱ्या बेरजेवर. गुण उतरले नाहीत तर डॉक्टरकडे.

सराव खोट्या मुलाखतींवर घ्या. नवखा हमखास ‘अरे, जवान आहेस, सावर’ म्हणतो आणि समोरचा गप्प होतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे थेट विचारायची जीभ वळेपर्यंत घोटून घ्या. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, शस्त्र ताब्यात घ्यायचं, लगेच वैद्यकीय अधिकारी. इथे गुप्तता संपते, आणि हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायचं.

मुलाखत घेणारा थेट वरिष्ठ नको. बढती आणि मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीचा दर्जा) खाली येण्याच्या धास्तीने जवान तोंड उघडत नाही. सगळ्यांना एकत्र बसवून जबरदस्तीने बोलतं करणं तर टाळाच, त्याने कधी कधी त्रास वाढतो.

भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाला पाठ हवा. सैन्यासाठीचा खास कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला.