पीसीडी असलेल्या मुलीच्या मेंदूत पाणी साठेल का? मेंदूतल्या सिलिया नेमकं काय करतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भाचीला पीसीडी, म्हणजे प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया, असल्याचं निदान झालं. तिच्या श्वासनलिकेतल्या सिलिया, म्हणजे पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म हलते तंतू, नीट हलत नाहीत. मेंदूतही तशाच सिलिया असतात आणि त्या थांबल्या की डोक्यात पाणी होतं, असं कुठेतरी वाचल्यापासून तुमच्या ताईंची झोप उडाली आहे. म्हणून आधी थेट उत्तर देते: पीसीडी असलेल्या बहुतेक माणसांना हायड्रोसेफलस, म्हणजे मेंदूत पाणी साठण्याचा विकार, होत नाही. काहींना होतो, पण ते प्रमाण कमी आहे.

मी डॉक्टर नाही. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांच्या मेंदूतले प्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं काम. त्यामुळे सिलियांबद्दल सांगते ते कामातून आलेलं, आणि उपचारांबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

ताईंनी वाचलं ते खोटं नाही, पण ते बहुतांशी उंदरांबद्दल खरं आहे. सिलिया हलवणारं एखादं जनुक उंदरात बिघडवलं, तर पुष्कळदा जन्मानंतर काही आठवड्यांतच पिल्लाचं डोकं फुगतं. उंदराचा वाण बदलला तर त्याच बिघाडाची तीव्रता कमी-जास्त होते. माणसात तेच जनुक बिघडलं तर सर्दी, खोकला, कानाचे त्रास जन्मापासून मागे लागतात, पण मेंदू सहसा ठीक राहतो. असं का, हे समजायला ते पाणी कसं हलतं ते पाहावं लागेल.

मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांतले कोरॉइड प्लेक्सस नावाचे रक्तवाहिन्यांचे झुपके दिवसाला साधारण 500 मिलिलिटर द्रव तयार करतात. एका वेळी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून असतो फक्त 150 मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा नवं होतं. वरच्या दोन पोकळ्यांतून ते तिसरीत येतं, तिथून एका अरुंद नळीने चौथीत, आणि मग बाहेर पडून मेंदूभोवती पसरतं व शेवटी रक्तात परत शोषलं जातं. वाट कुठे अडली की मागे पाणी तुंबतं. सर्वात अरुंद जागा ती नळी.

या पोकळ्यांच्या भिंतींवर एपेंडायमल पेशींचा थर असतो आणि प्रत्येक पेशीवर सिलियांचा गुच्छ. 1836 मध्येच पुर्किन्ये यांनी मेंदूच्या पोकळ्यांतली ही हालचाल नोंदवली होती. सिलिया सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा फटकारा मारते. तिच्या आत नलिकांच्या नऊ जोड्या कडेने आणि दोन सुट्या नलिका मध्ये असतात. डायनिन नावाची प्रथिनं या जोड्या एकमेकींवर सरकवतात आणि सिलिया वाकते. तुमच्या भाचीच्या श्वासनलिकेतही हीच रचना आहे, म्हणून ताईंची शंका अगदी रास्त आहे.

इतक्या सूक्ष्म पातळीवर पाण्याचा चिकटपणा फार जाणवतो. काकवीत चमचा पुढे नेला आणि तसाच मागे आणला, तर काकवी होती तिथेच राहते. सिलियाचंही तसंच झालं असतं. म्हणून ती जाताना ताठ राहून द्रव ढकलते आणि परतताना वाकून भिंतीलगत सरकते. या फरकातूनच प्रवाहाला दिशा मिळते. शेजारच्या सिलियांची दिशाही जुळावी लागते, आणि ती जुळवण्यात खुद्द प्रवाहाचाच हात असतो. पेशींच्या वाढीच्या काळात वाहणाऱ्या द्रवाच्या ओढीने सिलियांची मुळं हळूहळू एका दिशेला वळतात. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

मात्र सिलियांचा जोर भिंतीलगतच्या पातळ थरातच चालतो. पोकळीच्या मध्यभागचं पाणी मुख्यतः हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने हलतं. एमआरआयमध्ये ते अरुंद नळीतून खाली-वर झुलताना दिसतं आणि दीर्घ श्वास घेतला की वर ओढलं जातं. उंदराच्या पोकळ्या इवल्याशा, त्यामुळे त्या पाण्याचा मोठा हिस्सा भिंतीच्या जवळच असतो. माणसाच्या पोकळ्या सेंटीमीटरांत मोजायच्या. माणसाचा मेंदू सिलिया थांबल्याचं पुष्कळ सहन करतो त्याचं, माझ्या मते, हे मोठं कारण.

मग माणसात त्या निरुपयोगी का? तसं मुळीच नाही. उंदरात नव्याने जन्मलेल्या चेतापेशी गंधाच्या केंद्राकडे जातात, त्या याच प्रवाहाच्या दिशेने, असं 2006 मध्ये दिसून आलं. 2016 मध्ये उंदराच्या तिसऱ्या पोकळीत भिंतीलगत वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या प्रवाहांचं जाळंच सापडलं, आणि त्यातली काही वळणं दिवसाच्या वेळेनुसार बदलत होती. झेब्राफिशच्या पिल्लात प्रत्येक पोकळीतलं पाणी त्या पोकळीतच फिरत राहतं. हृदयाच्या ठोक्याने ते हिंदकळतं, पण पोकळ्या-पोकळ्यांत फारशी देवाणघेवाण होत नाही. पिल्लू जोरात हललं की या सीमा क्षणभर पुसल्या जातात. याच माशात सिलिया बिघडल्या की पाठीचा कणा वाकडा वाढतो.

आता भाचीबद्दल. जनुकतपासणीचा अहवाल असेल तर त्यातलं जनुकाचं नाव पाहा. फॉक्स-जे-वन, सीसीएनओ किंवा एमसीआयडीएएस असेल तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर दाखवा, कारण यांच्या बिघाडात सिलिया मुळात तयारच कमी होतात आणि हायड्रोसेफलस तुलनेने जास्त आढळतो. जनुक कुठलंही असो, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलट्या, वाढती सुस्ती, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. यापैकी काहीच नसेल, तर ताईंनी आपली शक्ती छातीची रोजची फिजिओथेरपी, वेळेवर लसी आणि कानांची नियमित तपासणी यांत घालावी. पीसीडीच्या मुलांना कमी ऐकू येतं आणि ते घरच्यांच्या उशिरा लक्षात येतं, त्यामुळे श्रवणचाचणी अजून झाली नसेल तर ती याच महिन्यात करून घ्या.