पंप शॉटगन आधी कागदावर, मग रानात: मिझुरीला येणाऱ्या मित्राला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत एच-वन-बीवर (अमेरिकेतल्या नोकरीचा तात्पुरता व्हिसा) मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला येतो आहेस, कोल्हापुरात तीन वर्षं १० मीटर एअर रायफल मारली आहेस, डावखुरा आहेस, आणि एप्रिलमध्ये टर्कीच्या (कोंबड्याच्या जातीचा मोठा रानपक्षी) शिकारीला जायचं आहे, तर पंप शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची छर्‍यांची बंदूक, कुठली घ्यायची आणि ती टर्कीसाठी कशी तयार करायची? दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो.

बंदुकीच्या आधी कागदपत्रं. यात चूक झाली तर नोकरी, व्हिसा, सगळंच धोक्यात येतं. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा. अशा माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. आपल्या कामाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो नसताना मित्राची बंदूक रेंजवर 'जरा बघू' म्हणून हातात घेणंसुद्धा बाळगण्यातच मोडतं. म्हणून क्रम असा ठेव: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग बंदूक. १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिझुरीत हा कोर्स करावाच लागतो. सोळाच्या पुढच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. राज्यात ३० दिवस राहिलास की रहिवाशाच्या दरात परवाना मिळतो.

यात एक खाच आहे, ती नीट ध्यानात ठेव. स्प्रिंग टर्कीचं परमिट फक्त त्या हंगामापुरतं असतं. हंगाम संपला की तुझ्याकडे चालू परवाना उरत नाही आणि कपाटातली बंदूक बेकायदा होते. म्हणून सोबत स्मॉल गेमचं, म्हणजे लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचं, वार्षिक परमिट घे. तेही फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतं, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात घेतलंस तर पंधरवड्यात बाद. १ मार्चपासूनचं नवं घे, बंदूक त्यानंतरच घे आणि दरवर्षी एक दिवसही खंड पडू देऊ नकोस. बायको एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) येणार असेल आणि तिच्याकडे परवाना नसेल, तर कपाटाची किल्ली तुझ्याच खिशात हवी. एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने माझा व्हिसा बघून सरळ 'नाही' म्हटलं होतं. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दुकानात परवाना आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) दाखवलं, फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म) भरला आणि काम झालं. शंका राहिली तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचार, मित्रांना नको.

आता बंदूक. इथे दोनच नावं जास्त ऐकशील: रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५००. दोन्ही चांगल्या, पण डावखुऱ्याला मी मॉसबर्गच सांगेन. ८७०ची सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणूनची कळ, चापाच्या मागे आडवं बटण असते, उजव्या हाताच्या सोयीने केलेली. ५००ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली येते. हात कुठलाही असो. आपल्याकडे जिला बारा बोअर म्हणतात तीच इथली १२ गेज. ३ इंची चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) पुरे. साडेतीन इंची काडतुसांच्या नादी लागू नकोस, खांदा सुजतो आणि पुढच्या बाराला माणूस नकळत डोळे मिटतो. दुकानदार १८.५ इंची नळीचं घरसंरक्षणाचं मॉडेल स्वस्तात पुढे करेल. बहुतेकदा त्या नळीला चोक (छर्रे दाट ठेवणारी पुंगळी) बसवायला आटेच नसतात, घेऊ नकोस. आणि दस्ता खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आपल्या उंचीच्या माणसाला इथला नेहमीचा दस्ता लांब पडतो, त्यात जाड जॅकेट. पातळ स्पेसर घालून लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता मिळाला तर उत्तम.

टर्कीची बंदूक ही शॉटगन असली तरी मारायची रायफलसारखी. बदकावर बंदूक फिरवत मारतात; टर्की जमिनीवर उभी असते आणि नेम धरायचा तो मानेवर, जिथे पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे. छातीवर मारलं तर पक्षी जखमी होऊन झाडीत जातो आणि तिथे तडफडून मरतो. म्हणून छर्रे दाट हवेत, आणि ते काम चोकचं. नळीच्या तोंडाशी बसणारी ही पुंगळी, टर्कीसाठी 'एक्स्ट्रा फुल' घ्यायची. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, त्यामुळे ५००ला बसणारीच माग. आट्यांना किंचित ग्रीस लाव आणि दर काही बारांनंतर, बंदूक रिकामी आहे ना हे बघून, घट्ट आहे का तपास. इतक्या आवळ चोकमधून स्लग (छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी असलेलं काडतूस) कधीच मारायचा नाही.

काडतुसात दोन रस्ते आहेत. शिसं घेतलंस तर ५ नंबर: साधारण ३ मिलिमीटरचा छर्रा, एका औंसात १७०च्या आसपास. दुसरं टंगस्टन, ज्याला इथे टीएसएस म्हणतात. शिशाची घनता ११.३, याची १८, म्हणून २ मिलिमीटरचा ९ नंबरचा छर्राही लांबवर जोर टिकवून धरतो, आणि औंसात दुपटीने जास्त बसतात. पण एकेक काडतूस दहा डॉलरच्या घरात किंवा वर जातं आणि चोकही टंगस्टनला चालणारा लागतो. पहिल्या वर्षी शिसंच घे. वाचलेल्या पैशात जास्त बार काढता येतील, त्याचा फायदा जास्त. मिझुरीत ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही, आणि बंदुकीत सगळी मिळून तीनच काडतुसं मावायला हवीत. त्यासाठी मॅगझिनच्या, म्हणजे जादा काडतुसं भरायच्या, नळीत एक दांडकं असतं, प्लग. तो आत आहे का ते स्वतः बघ. उघडताना स्प्रिंग अंगावर उडते, तोंडासमोर धरू नकोस. घरी २० गेजची बंदूक कधी आली तर दोन्हींची काडतुसं एका खिशात नकोत. २० गेजचं पिवळं काडतूस १२च्या नळीत घसरून अडकतं, मागून दुसरं भरून चाप ओढला तर नळी फुटते.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ते. माझ्या पहिल्या हंगामात मी बंदूक घेतली, माशीवरून (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) दोन डबे पाडले आणि रानात गेलो. दुसऱ्या सकाळी एक नर ३० यार्डांवर आला, पंख्यासारखी शेपूट उघडून, डोकं लाल-पांढरं-निळं. मी माशी मानेवर ठेवली, चाप ओढला. पक्षी उडाला, खाली तीन-चार पिसं. दोन तास शोधत हिंडलो. तो जखमी होता की नाही हे मला आजही ठाऊक नाही. त्या दुपारी मी पहिल्यांदा मोठा कागद लावला आणि बंदुकीनेच उत्तर दिलं: छर्‍यांचा सगळा झुबका नेमापेक्षा वर आणि डावीकडे, जवळजवळ एक वीत.

म्हणून तू आधी कागद लाव. हाय रिजला जे हेंजेस रेंज आहे, राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याची. तीन फूट रुंद कागद, मध्ये ठिपका. आधी हलकी काडतुसं घेऊन २० यार्डांवरून, बंदूक टेकवून. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, त्यावरून अंतर डोळ्यांत बसेल. झुबका ठिपक्याभोवती नसेल तर माशी हलवता येत नाही, म्हणून वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी, हलवून जुळवता येणारी नेमाची काच) बसव. ५००च्या पाठीला स्क्रूसाठी भोकं आधीच असतात. पाठ अ‍ॅल्युमिनियमची आहे, जोर लावलास तर आटे जातील. स्क्रू पुसून तेल काढ, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब लाव आणि माउंटसोबत (रेड डॉट बसवायची पट्टी) दिलेल्या आकड्याइतकंच आवळ. माझा पहिला माउंट दहा बारांत ढिला झाला होता, कारण तेल पुसलं नव्हतं.

झुबका मध्यावर आला की खरी टर्कीची काडतुसं घेऊन ४० यार्डांवर जा, म्हणजे दोन खेळपट्ट्यांना थोडं कमी. जिथे सगळ्यात दाट पडले तिथे १० इंचांचं वर्तुळ काढून आतले छर्रे मोज. इथले शिकारी शंभर ही खूण मानतात. साठ-सत्तर आले तर दुसऱ्या कंपनीचं काडतूस आण. तीच बंदूक, तोच चोक, डबी बदलली की कागद बदलतो. शंभर जिथे भरतात ती तुझी मर्यादा. ती ३२ यार्ड निघाली तर ३२च, चाळीसवरचा पक्षी जाऊ द्यायचा. शेवटी १० यार्डांवर एक बार काढ. झुबका मुठीएवढाच दिसेल. टर्की अगदी जवळ येते तेव्हा चुकायचं कारण हेच, आणि तिथे तुझी रायफलची सवय कामी येईल: चाप झटकू नकोस, दाबत ने.

बाकी थोडक्यात. पट्टा लाव. ५००चा फोरएंड (पुढची सरकती मूठ) खुळखुळतो, आतून पातळ कापड चिकटव, टर्कीचे कान तिखट असतात. अंगावर लाल, पांढरं, निळं काहीही नको, मोजेसुद्धा; नराच्या डोक्याचे तेच रंग आणि झाडीपलीकडे दुसरा शिकारी असू शकतो. बसताना पाठीशी आपल्या खांद्यांहून रुंद झाड हवं. आवाजाच्या दिशेने चोरपावलांनी जायचं नाही, टर्कीसारखा आवाज काढून नराला आपल्याकडे येऊ द्यायचं. चालताना चेंबर रिकामं, कुंपण ओलांडताना बंदूक पूर्ण रिकामी.

घरच्यांना काय सांगू, असंही तू विचारलं आहेस. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे माझी आई बरेच दिवस बोलली नव्हती. मी तिला इथली गोष्ट सांगितली. मिझुरीत एकेकाळी टर्की जवळजवळ संपली होती. खात्याने १९५४पासून उरलेले पक्षी जाळ्यांनी पकडून दुसऱ्या रानांत सोडले, आणि १९६०च्या पहिल्या हंगामात सगळ्या राज्यात ९४ पक्षी मारले गेले. आज जवळपास प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) टर्की आहे. परवान्याचे पैसे आणि बंदूक-काडतुसांवरचा ११ टक्के कर (१९३७चा कायदा) या रानांवरच खर्च होतो. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या फेरीत तिने कांदा-लसूण मसाला जास्त बांधून दिला. तंगड्या गावठी कोंबड्याहून चिवट असतात, कुकरच्या शिट्ट्या मोजू नकोस.

हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो. मार्चमध्ये परवाना हातात आला की कळव, कागदाचा रोल आणि लीड-स्लेड (बंदूक टेकवून मारायची चौकट) माझ्याकडे आहे, शनिवारी सकाळी हाय रिजला भेटू.