मेंदूचा मलेरिया : औषधाच्या जोडीला शुश्रूषा

प्रश्न : गडचिरोलीत माझ्या भाच्याला मेंदूचा मलेरिया झाला, तेव्हा आर्टेसुनेट हे मलेरियाचे औषध चालू असतानाही परिचारिका सारखी बोटाला सुई टोचून साखर का तपासत होती? आणि स्टिरॉइड का दिले नाही?

उत्तर : आर्टेसुनेट परजीवी मारते, पण तोवर रुग्णाला तगवते ती ही शुश्रूषाच. या आजारात, विशेषतः लहान मुलांत, रक्तातील साखर अचानक उतरते आणि मूल बेशुद्ध असल्याने ते वरून ओळखू येत नाही. म्हणून ती वारंवार तपासून, गरज पडताच शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. झटके आवरणे, कुशीवर निजवून श्वासमार्ग मोकळा ठेवणे हेही तितकेच मोलाचे. सलाइन मात्र बेतानेच, कारण जादा पाणी फुप्फुसांत साचते. स्टिरॉइड टाळले हे योग्यच झाले : थायलंडमधील, १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने बेशुद्धी उलट लांबली होती.