वाचक विचारतात: जावातल्या खेड्यात जमीन कुणाची, घर कुणाचं?

प्रश्न: माझा मुलगा सुराबायाला नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीयच. तिथल्याच मुलीशी लग्न केलंय. सून क्लातेनजवळच्या खेड्यातली, मुसलमान घर, दोन मोठे भाऊ, ही शेंडेफळ. भातशेती पाऊण एकर पण नाही. आता तिचे वडील वाटणीचं म्हणतायत, आणि आमचे चिरंजीव म्हणतात की शेजारचा तुकडा विकायला निघालाय, आपण घेऊन टाकू. घ्यावा का? आणि सुनेला काय मिळेल? (एक आई, सांगली)

उत्तर: काकू, आधी मुलाला फोन लावा आणि टोकन दिलं नसेल तर देऊ नको म्हणून सांगा. इंडोनेशियात जमिनीचा मूळ कायदा १९६० चा आहे आणि त्यात पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. मग एजंट लोक काय सांगतात, की दुसऱ्याच्या नावावर घ्या, आतल्या आत कागद करू. या भानगडीत अजिबात पडू नका, तो व्यवहार कायद्यानेच रद्द धरतात, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत.

बायकोच्या नावावर घेऊ म्हणाल तर तिथेही मेख आहे. लग्नानंतर घेतलेलं ते दोघांचं मिळून, त्याला ते गोनो-गिनी म्हणतात, म्हणजे त्यात परदेशी नवऱ्याचा हिस्सा आलाच. त्यासाठी नोटरीकडे मालमत्ता वेगळी ठेवायचा करार करावा लागतो. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागायचा, २०१६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतर केला तरी चालेल असा निकाल दिला. तर आधी तो करार, मग जमिनीच्या गप्पा.

माहेरच्या वाटणीचं वेगळं आहे, वारशाने आलेलं तिचं एकटीचं. आता किती मिळेल? धर्माच्या हिशोबाने मुलाला दोन तर मुलीला एक, आणि जावाच्या जुन्या चालीतही हे माप आहेच, पुरुष कावडीवर दोन ओझी नेतो आणि बाई पाठीवर एक. पण प्रत्यक्षात कितीतरी गावांत मुलामुलींना सारखंच देतात, आणि वारसांनी आपापला हिस्सा समजून घेऊन आपसात वेगळं ठरवलं तर कायदाही त्याला हरकत घेत नाही. बऱ्याचदा आईबाप हयातीतच वाटून टाकतात, एक तुकडा स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेवतात, आणि जो सांभाळेल, शेवटचं सगळं करेल त्याला तो जातो. राहतं घर पुष्कळदा धाकट्याच्या वाट्याला येतं. म्हणजे तुमच्या सुनेला घर आणि भावांना भाताचं शेत असंही होऊ शकतं, तिला कमी दिलं म्हणून मुलाने लगेच नाक खुपसू नये.

तिला भातशेती मिळालीच तर एक नियम माहीत असू द्या. शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात किंवा लगतच्या तालुक्यात राहावं असा १९६१ पासूनचा नियम आहे, वारशाने मिळाली तर वर्षभरात तिकडे राहायला जा नाहीतर दुसऱ्याला द्या. पाळतंय कोण ते सोडा, पण भावाभावांत वाजलं की असलेच नियम बाहेर निघतात.

आणि कागद बघा. गावाच्या ऑफिसात एक जुनं रजिस्टर असतं, लेटर सी म्हणतात, कुणाच्या नावे कुठला तुकडा, कुठल्या प्रतीचा, सारा किती. शेतकऱ्याकडे त्याचा उतारा. आपल्याकडे सातबारा असला म्हणजे झालं असं वाटतं ना, तसंच त्यांना या उताऱ्याचं वाटतं, पण ती मूळ साऱ्याची नोंद, मालकीचं सर्टिफिकेट वेगळं. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून सर्टिफिकेट द्यायची मोहीम धडाक्यात चालवली आणि २०२१ च्या नियमाने जुन्या कागदांना पाचच वर्षांची मुदत दिली. सासऱ्यांनी सर्टिफिकेट काढलंय का, आजोबांच्याच नावावर पडून आहे का, हे वाटणीच्या आधी विचारा.

घर जुनं लाकडी असेल तर अजून एक गंमत. जमीन एकाची आणि वरचं घर दुसऱ्याचं असं तिकडे चालतं. सागवानी जोग्लो, म्हणजे मधे उंच छपराचं पारंपरिक घर, खुणा करून खांब-तुळया सुट्या करायच्या, ट्रकात भरायचं आणि दुसरीकडे उभं करायचं, असे सौदे होतात, हॉटेलवाले तर टपूनच असतात. तेव्हा वाटणीच्या कागदात घर आणि जागा दोन्ही वेगवेगळं लिहून घ्या.

प्रश्न: मी द्राक्षवाला. जावात बहुतेकांची शेती अर्ध्या हेक्टरच्या आत असं ऐकलं. एवढ्यात घर चालतं कसं? आणि ज्याला तेवढीही नाही त्याने करायचं काय? (एक शेतकरी, निफाड)

उत्तर: दादा, नुसत्या शेतावर चालतच नाही. भातखाचर, म्हणजे सावाह, हा एक भाग झाला. पाण्याची सोय असेल तर वर्षाला दोन, कुठे तीन पिकं निघतात, भातावर भात नाहीतर मधे मका, सोयाबीन, भुईमूग. पण घराला खरा हातभार परसाचा, त्याला पेकारांगान म्हणतात. नारळ, केळी, फणस, पपई, कसावा, मेलिंजोचं झाड, त्याखाली कोंबड्या, बाजूला एखादी शेळी. लांबून बघितलं तर गाव दिसतच नाही, भाताच्या मधोमध झाडांची राई दिसते, घरं तिच्या आत. मेलिंजोच्या बिया भाजून, ठेचून चपट्या केल्या की एम्पिंग नावाचे पापड होतात, बायका ते घरी करून विकतात. बाकी घरातला कुणीतरी बांधकामावर, कुणी जकार्तात, कुणी मलेशियात.

जमीन नाही तो दुसऱ्याची कसतो. मारो म्हणजे अर्धेलीने, मेर्तेलू म्हणजे कसणाऱ्याला तिसरा हिस्सा. १९६० मध्ये वाट्याच्या शेतीचा कायदा झालाय, पण करार सगळे तोंडी, आणि कसायला मागणारे जास्त असले की मालक म्हणेल ती पूर्वदिशा. शेत गहाणही टाकतात, त्यात एक कलम शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, सात वर्षं गहाण राहिलं की पैसे न देता शेत परत करायचं. गावात ते सांगणारा कुणी पाहिजे एवढंच.

आता मजुरांचं. पूर्वी भात कापायला बाया आनी-आनी घेऊन यायच्या, तळहातात मावेल एवढं पातं, त्याने एकेक लोंबी कापायची. येईल तिला कापू द्यायचं आणि कापलेल्यातला ठरलेला वाटा, बावोन, द्यायचा. जमीन नसलेल्या घराचा तांदूळ यातूनच यायचा. मग १९७० च्या आसपास बुटक्या, भरघोस जाती आल्या, विळा आला, आणि व्यापारी उभं पीकच विकत घ्यायला लागला. तेबासान म्हणतात त्याला. व्यापारी आपली टोळी घेऊन येतो, दोन दिवसांत शेत मोकळं, मालकाच्या हातात रोकडा. मालकाला त्यात वाईटपणा घ्यावा लागत नाही, शेजारणीला नको म्हणायचं काम व्यापारी करतो. हरितक्रांतीने भात वाढलं हे खरंच आहे, पण हिशोब करताना या बायांचा वाटा कुठे गेला ते कुणी धरत नाही, मला तर हीच त्यातली सगळ्यात मोठी घडामोड वाटते.

जुन्या काळी गावात माणसाची पत यावरूनच ठरायची. शेत, परस, घर तिन्ही आहे तो पूर्ण हक्काचा रहिवासी, म्हणजे कुली केंचेंग, गावची वेठही त्याच्याच डोक्यावर. नुसतं परस आहे तो त्याखाली, आणि दुसऱ्याच्या परसात झोपडं टाकून राहणारा सगळ्यात खाली. डचांनी १८३० पासून गावच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांखाली मागितला तेव्हा सरकारी कामाचं ओझंही मुख्यतः या जमीनवाल्यांवर आलं, मग कुठे कुठे लोकांनी जमीन अजून बारीक वाटून ओझं पण वाटून घेतलं.

प्रश्न: तिकडे सरपंचाला पगाराऐवजी शेत देतात हे खरं का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: खरं आहे, बेंगकोक जमीन ती. लुराह म्हणजे गावप्रमुख, चारिक म्हणजे चिटणीस, पाण्यावर देखरेख करणारा उलु-उलु, प्रत्येकाला पदानुसार तुकडा, पद गेलं की जमीन गेली, विकायची नाही. आपल्याकडच्या वतनाशी तुलना करायचा मोह होतो पण वतन बापाकडून मुलाकडे जायचं, हे तसं जात नाही. म्हणूनच लुराहच्या निवडणुकीत उमेदवार एवढा पैसा ओततात, चांगल्या गावात ती जमीन म्हणजे लॉटरीच. २०१४ च्या गाव कायद्यानंतर हे उत्पन्न गावाच्या बजेटात जमा करा म्हटलं तर गावकामगारांनी बोंब मारली, २०१५ मध्ये नियम बदलून जादा भत्ता म्हणून परत त्यांच्याकडे दिलं.

प्रश्न: संशोधनासाठी मध्य जावाच्या खेड्यात काही महिने राहायचंय. आधी काय करू? (एक वाचक, पणजी)

उत्तर: पोचल्या पोचल्या वाडीच्या आरटी प्रमुखाला, म्हणजे शेजारच्या काही घरांच्या गटाच्या म्होरक्याला भेटा, पाहुण्याने चोवीस तासांत कळवायचं अशी पाटीच बऱ्याच गल्ल्यांच्या तोंडाशी असते. यजमानीणबाईंनी आरिसानला, म्हणजे भिशीला बोलावलं तर जा, गावातल्या निम्म्या बातम्या तिथेच कळतात. घराबाहेर छोटा डबा टांगलेला दिसेल, त्यात रोज चिमूटभर तांदूळ किंवा नाणं टाकायचं असतं, रात्री गस्तीवाले गोळा करतात. भाड्याने राहत असलात तरी तुमचाही डबा लावा.