गावची नळयोजना सगळ्यांना पुरावी असं वाटत असेल तर शेवटच्या नळापासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की जलजीवन मिशनमधून गावात टाकी झाली, घरोघरी नळ आले, तरी वरच्या आळीला रोज पाणी आणि तुमच्या वस्तीला आठवड्यातून एकदा. निम्म्या घरांची पाणीपट्टी थकलीय आणि ग्रामपंचायत म्हणते पैसे नाहीत. मग बाकीची गावं एकाच योजनेवर सगळ्यांना पाणी कसं देतात?

मी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातली. आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीत मी काम केलंय, म्हणून अनुभवाचं तेवढंच सांगते. तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. ज्याच्या नळाला पाणी येत नाही, त्याच्या दारात पाणीपट्टी मागायला कुठल्या तोंडाने जायचं? तो भरत नाही, मग वीजबिल थकतं, जळालेली मोटार महिनाभर तशीच पडते, आणि पाणी आणखी कमी होतं. बहुतेक ग्रामपंचायती यावर उपाय म्हणून आधी वसुलीच्या मागे लागतात, नोटिसा काढतात, प्रकरणं लोकअदालतीत ठेवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी शेवटच्या नळाला पाणी पोहोचवा, मग पैसे मागा.

ते पोहोचत नाही याची कारणं गावात फिरलं की दिसतात. नळाला तोटी नसते, त्यामुळे भांडी भरली की पाणी गटारात. पहिल्या घरांची जोडणी मोठ्या पाइपाची असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नळाला थेट लावलेली मोटार. एकाने लावली की शेजारी लावतो, आणि टोकाच्या घरात नळातून नुसती हवा येते. मोटारीमुळे आणखीही एक गोष्ट होते जी लोकांना माहीत नसते: लाइन फुटलेली असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. काविळीची, गॅस्ट्रोची साथ गावात अशीही येते. हे समजावून सांगितलं की मोटारी काढायला लोक दंडापेक्षा लवकर तयार होतात. तरीही ऐकत नसतील तर पाणी सुटण्याच्या वेळेत वीज बंद ठेवण्याची तडजोड काही गावं करतात. त्यात दळणाचा, अभ्यासाचा खोळंबा होतो, म्हणून मला तो कायमचा उपाय वाटत नाही.

वाटपाचं तंत्र अवघड नाही. टाकी पूर्ण भरल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. गावाचे झोन पाडायचे, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह, आणि उंचावरच्या किंवा टोकाच्या वस्तीची पाळी आधी, टाकी भरलेली आणि दाब जास्त असताना. प्रत्येक जोडणीला सारख्या मापाचं फेरूल, म्हणजे मुख्य लाइनवरून घराला पाणी देणारं ठरावीक भोकाचं तोंड, बसवायचं. वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून लिहायचं. पाणी सोडणाऱ्या माणसाच्या हातात व्हॉल्व्हची चावी असते, आणि गावातला प्रत्येक वजनदार माणूस त्याला वाटेत गाठून “जरा अर्धा तास जास्त” सांगतो. वेळापत्रक भिंतीवर असलं की तो बोट दाखवून नाही म्हणू शकतो. त्याचा पगार वेळेवर करा. पूर्ण योजनेचा नकाशा बहुतेक गावांत फक्त त्याच्या डोक्यात असतो: कुठे जोड आहे, कुठे दगडाखाली व्हॉल्व्ह गाडला गेलाय. तो गाव सोडून गेला की रस्ते खणत बसावं लागतं. म्हणून तुमची योजना अजून ठेकेदाराकडून हस्तांतरित झाली नसेल तर पाइपलाइनचा नकाशा आणि शेवटच्या घरापर्यंतची चाचणी झाल्याशिवाय सही करू नका, हे सरपंचांना आत्ताच सांगा.

आता पैशाचं. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. 2000 वस्तीच्या गावाला दिवसाला 1 लाख 10 हजार लिटर लागतात, गळती धरून थोडे जास्तच. विहिरीवरची साडेसात अश्वशक्तीची मोटार रोज सहा तास चालली तर महिन्याला साधारण 1000 युनिट वीज जाते. त्यात कर्मचाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, गळती दुरुस्ती आणि वर्षातून एकदा हमखास करावं लागणारं मोटारीचं रिवाइंडिंग मिळवा. समजा हे सगळं महिन्याला 30 हजार झालं आणि घरं 400 असली, तर घरटी 75 रुपये महिना. आमच्याकडे पट्टीवर वर्षानुवर्षं भांडण होतं, पण हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर कोणी मांडलेलाच नव्हता. मांडल्यावर लोकांनी दर वाढवण्यापेक्षा आधी गळती किती आणि चोरून घेतलेल्या जोडण्या किती, हे विचारलं, आणि ते रास्तच होतं. पाणीपट्टीचं बँक खातं वेगळं ठेवा आणि जमाखर्च दर महिन्याला भिंतीवर लावा. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव असतो. तो दुरुस्तीला मदत करतो, पण रोजचा खर्च त्याच्यावर ढकलला की योजना डळमळते.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं आणि वापरानुसार दर लावला. आठवड्याने पाणी येतं तिथे लोक घाबरून पिंप भरून ठेवतात आणि नवं पाणी आलं की जुनं “शिळं” म्हणून ओतून देतात. नळाला केव्हाही पाणी असेल याची खात्री झाली की साठवणं थांबतं. छोट्या गावाला चोवीस तास लगेच जमणार नाही, पण दिवसाआड ठरलेल्या वेळेला नक्की पाणी, एवढं साधलं तरी ओतून देणं बरंच कमी होतं.

आमच्या भागात याहून जुना एक धडा आहे. मोसम, आरम आणि धुळ्याकडच्या पांझरा नदीवर बंधारे बांधून शेतकरी शेकडो वर्षं फड पद्धतीने पाणी वापरत आले. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची. बऱ्याच जणांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची, त्यामुळे पाणी कमी पडणाऱ्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला तरी तोटा एकट्या टोकाच्या माणसाच्या माथी येत नसे. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. टंचाईत कोणी किती सोसायचं हे टंचाई येण्याआधीच ठरलेलं असायचं. आपल्या नळयोजनांमध्ये नेमकं हेच ठरवलेलं नसतं. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेल्यावर आपण सभा घेतो, आणि तेव्हा प्रत्येकजण फक्त आपला हंडा बघतो.

विहिरीचं पाणी आटण्याचं कारणही बऱ्याचदा विहिरीत नसतं. आमच्याकडे उन्हाळ कांद्याला मार्चपर्यंत पाणी ओढलं जातं आणि गावाच्या विहिरीची पातळी त्याबरोबर उतरते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकाराने याला हात घातला. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. शेतीसाठी बोअरवेल बंद. तेवढी एकी सगळीकडे होत नाही हे मला माहीत आहे, पण एक हत्यार प्रत्येक गावाकडे आहे: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला परवानगी लागते, आणि ही अट 1993च्या कायद्यापासून आहे. तिचा उपयोग फार थोड्या ग्रामपंचायती करतात, कारण विहीर घेणारा आपलाच भाऊबंद असतो.

शुद्धीकरणाबद्दल थोडक्यात. टीसीएल पावडर उघडी राहिली की तिची ताकद जाते, म्हणून साठा बंद आणि कोरडा ठेवा. पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते दाखवणारी ओटी टेस्ट टाकीपाशी करून भागत नाही, ती टोकाच्या नळावर करा. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण प्रत्येक गावात पाच महिलांना द्यायचं असतं. तुमच्या गावात त्या पाच कोण, हे विचारा. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं, तुमचं कोणतं आहे तेही पाहा.

पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असं जलजीवनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. कागदावर त्या असतातच. त्यांच्या सह्या घरी पाठवलेल्या रजिस्टरवर होतात की त्या बैठकीला बसतात, एवढं बघा. पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, कोणाच्या दारात गेलं नाही, हे बाईला तारखेवार माहीत असतं. आमच्या समितीत टोकाच्या वस्तीतली एक मावशी आल्यापासून बैठकीचा पहिला विषय आपोआप बदलला.

तुम्ही स्वतः आज काय करू शकता? वस्तीतल्या दहा-बारा घरांनी मिळून महिनाभर वहीत नोंद ठेवा: पाणी कधी आलं, किती मिनिटं, किती हंडे भरले. वरच्या आळीतल्या एखाद्या ओळखीच्या घरालाही तेवढीच नोंद ठेवायला सांगा. मग दोन्ही वह्यांची प्रत जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि झोननिहाय वेळापत्रक व पाणीपट्टीचा जमाखर्च हे दोन विषय पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. सभेला वस्तीतल्या बायकांना घेऊन जा. थकलेल्या पट्टीचा मुद्दा कोणी काढलाच तर तुमच्या बाजूने हप्ते ठरवायची तयारी दाखवा, पहिला हप्ता वेळापत्रक सुरू झाल्याच्या महिन्यात.