पॅनल बसवणं सोपं आहे गं, पुसणार कोण ते आधी ठरव

प्रिय बाळ,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले. व्हॉइस मेसेज करून सांगावं म्हणून दोनदा बसले, पण दोन्ही वेळा कुणीतरी ब्लाउजचं माप द्यायला आलं आणि राहूनच गेलं, म्हणून आता रात्री सगळं आवरून लिहायलाच घेतलंय. पुण्यातली नोकरी सोडून बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूरकडं परत यायचं, गाव सोलरवर आणायचं, गोबर गॅस करायचा, पोरांना एकत्र करायचं, असं लिहिलंयस आणि विचारलंयस, "काकू, सुरुवात कुठून करू?"

सुरुवात पॅनलपासून करू नकोस. मी हे अनुभवानं सांगतेय.

मी पंचायतीत मेंबर होते तेव्हा आपल्या वाडीला अकरा सोलर लाइट आले. केवढा आनंद! पहिल्या संध्याकाळी बायका जेवणं उरकून डांबाखाली येऊन बसल्या, पोरं तिथंच पाटी घेऊन अभ्यासाला. ज्यांनी बसवले ते फोटो काढून, सही घेऊन गेले. दोन पावसाळे चांगले गेले, तिसऱ्याला एकेक करत लाइट मिणमिणायला लागले आणि दिवाळीपर्यंत नऊ बंद. बसवणाऱ्यांना फोन केला तर मुदत संपली म्हणाले. पंचायतीत विचारलं तर ही स्कीम आमच्याकडं हस्तांतरितच झालेली नाही असं उत्तर. मग एका रविवारी तुझ्या ओळखीतल्याच एका आयटीआयच्या पोराला घेऊन मी शाळेजवळच्या डांबाचा बॅटरीचा डबा उघडायला लावला. आत मुंग्यांनी अंडी घातलेली, टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड, आणि बॅटरीची बुचं काढली तर आतलं पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या. बारा व्होल्टची बॅटरी, मीटर साडेआठ दाखवत होता. अशा बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं हे वाडीत कुणालाच माहिती नव्हतं. मलाही नव्हतं. लाख-दीड लाखाचं सामान एवढ्याशा पाण्याच्या बाटलीवाचून बंद पडलं, हे मला आजपण लागतं.

आणि एक डांब तर चांगला असून बंद होता, का तर पॅनलवर फणसाची फांदी आलेली. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज किती कमी होते ते तुला डिप्लोमात शिकवलंच असेल. आता फणस ज्यांचा त्यांचं आणि आमच्या गल्लीचं बांधावरनं जुनं भांडण, कोण जाऊन सांगणार? मी गेले. चहा प्याले, त्यांच्या म्हशीची चौकशी केली, लाइटचा विषय काढलाच नाही. उठताना फक्त एवढंच बोलले की म्हातारीला रात्री परसाकडं जाताना अंधार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच कोयता घेऊन फांदी उतरवली.

गाव सोलरवर आणायचं म्हणजे यातलंच नव्वद टक्के काम. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं म्हणतात आणि टिकतंही, पण इन्व्हर्टर आठ-दहा वर्षं, बॅटरी त्याहून कमी, आणि माणसांची हौस तर एक उन्हाळा पण टिकत नाही. म्हणून पुसणार कोण, पाणी घालणार कोण, पैसे गोळा करून लिहून ठेवणार कोण, ही तीन माणसं आधी ठरव, मग कोटेशन माग.

आम्ही काय केलं ते सांगते. स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे आमच्या बचत गटाची, वही होतीच, तिच्यातच मागच्या पानांवर लाइटचा हिशेब सुरू केला. घरामागं महिना वीस रुपये. चौसष्ट घरं, त्यातली पन्नासेकच देतात. दर महिन्याला चालून जाऊन मागायचे, फोनपे वगैरे नको, कारण चालत गेलं की कुणाचा लाइट लुकलुकतोय, कुणाच्या घरी काय चाललंय ते पण कळतं. महिन्याला हजार रुपये म्हणजे सहा महिन्यांत एक बॅटरी. सगळ्या अकरा एकदम बदलायला पैसे कुठले, पण सहा महिन्यांनी एक बदलत गेलं आणि पाणी वेळेवर घातलं तर चक्र फिरत राहतं, आणि दोन-तीन बॅटऱ्या आम्ही ग्रामसभेत ठराव करून पंचायतीकडनं घेतल्या. वहीतलं पान कुणीही केव्हाही उघडून बघू शकतं हा नियम कधी मोडला नाही. पैशावरनं एकदा कुजबुज सुरू झाली की चांगली योजना पण बुडते, हे लक्षात ठेव.

आता ग्रामसभेचं. तुमच्या वयाची पोरं तिकडं फिरकत नाहीत. म्हणतात तिथं काय होतंय, पाच-पंचवीस माणसं आणि भांडणं. अगं पण रस्त्यावरच्या लाइटचं बिल, पिण्याच्या पाण्याच्या मोटारीचं बिल, अंगणवाडीचं वायरिंग, हे सगळं पंचायतीच्याच डोक्यावर असतं. सहा महिन्यांतनं एकदा तरी ग्रामसभा घ्यावीच लागते, त्याच्या आधी वॉर्ड सभा. तू वॉर्ड सभेपासूनच ये. तिथं आपली वीस घरं असतात, बोलायला भीती वाटत नाही, आणि तिथं लिहून घेतलेली मागणी पुढं ग्रामसभेत जाते. नुसतं तोंडी बोलून उपयोग नाही, कागद दे, पोच घे, तारखेचा शिक्का बघून घे. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे अधिकारी, बदलतात, मेंबर बदलतात, कागद तेवढा राहतो. कर्नाटकात पंचायतीत बायकांना पन्नास टक्के आरक्षण आहे, तेव्हा मुलीला कोण विचारणार हा विषय मनात आणूच नकोस.

भाषेचं तू विचारलं नाहीस पण मला माहितीय ते तुझ्या मनात असणार, कारण माझ्या पण होतं. आपल्या घरात मराठी, शाळा मराठी, आणि पंचायतीतला फॉर्म कानडीत. हा सीमाप्रश्न 1956 पासूनचा आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि आपल्या आजोबांच्या पिढीनं त्याच्यासाठी काय सोसलंय ते मी विसरलेली नाही. मराठीचा हक्क सोडायचा नाही. घटनेच्या कलम 350 मध्ये लिहिलंय की गाऱ्हाणं मांडायला अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, हे पाठ करून ठेव आणि मराठीत अर्ज दे. पण सोबत कानडी कॉपी पण लाव. मी चाळिशीनंतर कानडी वाचायला शिकले, एसटीच्या पाट्यांवरनं सुरुवात केली, मग लाइटच्या बिलावरनं, आणि त्यानं माझी मराठी काही कमी झाली नाही. टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळला की खालच्या गल्लीतली कानडी घरं आणि वरच्या गल्लीतली मराठी घरं एकाच अंधारात बसतात. गेल्या वेळी टीसी बदलून घ्यायला आम्ही हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, ऑफिसात दोन्ही गल्लीच्या बायका मिळून गेलो, अर्जावर सह्या दोन्ही लिपीत, आणि आरआर नंबर, म्हणजे बिलावरचे ग्राहक नंबर, सगळ्यांचे एकाखाली एक लिहिलेले. तिसऱ्या दिवशी नवीन टीसी आला. एकट्या गल्लीनं जाऊन आठवडा-आठवडा वाट बघितलेली मला आठवतेय.

आता तुझ्या टेक्निकल गोष्टी, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात तरी लोकांशी बोलताना कामाला येतील म्हणून.

छतावरच्या सोलरला 2024 पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे, 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30,000 रुपये अनुदान आणि 3 किंवा त्याच्यावर कितीही असलं तरी 78,000. पण आपल्याकडं 2023 पासून गृहज्योती आहे, 200 युनिटपर्यंत ज्याच्या त्याच्या सरासरीप्रमाणं बिल शून्य येतं. ज्या घरचं बिलच शून्य त्याला तू सोलरचे पैसे वाचतात म्हणून सांगायला गेलीस तर तो तुझ्याकडं बघत राहील. त्यात त्याची चूक नाही. म्हणून घरांच्या मागं लागू नकोस, जिथं बिल खरोखर टोचतंय तिथं जा. पिठाची गिरणी, दूध डेअरीचा कूलर, शाळा, देवळाचा हॉल, पंचायतीची पाण्याची मोटर. पाण्याची मोटर तर दिवसाच चालते, ऊन असतं तेव्हाच टाकी भरायची, सोलरला याच्यासारखं काम नाही. माझं शिलाई मशीनच बघ, मोटर लावलीय, दिवसा चालते, छोट्या पॅनलवर आरामात होतं. कर्नाटकात असं छोटं छोटं, माणसाच्या धंद्याला धरून सोलर देण्याचं काम सेल्को कंपनीनं 1995 पासून केलंय, ती काढणाऱ्या हरीश हांडेंना त्याच्याबद्दल 2011 चा मॅगसेसे मिळाला. ते काम जाऊन बघ. पॅनल विकण्याआधी गिऱ्हाइकाला बँकेचा हप्ता झेपेल का हे ते बघतात, मला ते फार पटतं.

आणि एक गोष्ट आधीच सगळ्यांना स्पष्ट सांग, नाहीतर शिव्या तुला बसतील. नेट मीटरवालं, म्हणजे जास्तीची वीज लाइनला देणारं, साधं सोलर करंट गेला की बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. लाइन दुरुस्त करायला लाइनमन डांबावर चढलेला असतो, आपल्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून तशी सोय असते. लोकांना वाटतं सोलर घेतलं म्हणजे करंट जाणारच नाही. बॅटरी हवी असेल तर खर्च वेगळा, सांभाळ वेगळा. आणि आपल्याकडचा पाऊस! कणकुंबीकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, झाडं पडून तारा तुटतात. किलोवॉटला दिवसाला चार युनिट हा वर्षाचा सरासरी हिशेब आहे, आषाढात तो लावू नको.

शेतकऱ्यांचं दुखणं वेगळंच. दहा एचपीपर्यंत मोटारीला वीज फुकट आहे पण थ्री फेज मिळते सात तास आणि त्यात रात्रीची पाळी. रात्री दोनला उसात पाणी पाजायला जायचं, साप, गवे, डुक्कर, चिखल. माझ्या दिराला तसंच फुरसं चावलं होतं, वाचला. म्हणून कुसुमबद्दल, म्हणजे शेतीच्या सोलर पंपाच्या योजनेबद्दल, बोलताना तू पर्यावरण, कार्बन असलं काही सुरुवातीला बोलू नकोस, दिवसा पाणी मिळेल एवढं एक वाक्य बोल, बाप्ये आपणहून खुर्ची पुढं ओढतील.

गोबर गॅस मला सगळ्यात जवळचा, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही कारण त्यात फोटो चांगला येत नाही. दोन घनमीटरच्या टाकीला रोज चाळीस-पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. ज्यांची जनावरं गेली त्यांनी करू नये. पण ज्यांच्याकडं आहेत त्यांच्या घरी बाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबतं, लाकडं आणायला जंगलात जायचं कमी होतं, आणि बाहेर येणारी स्लरी रताळ्याच्या वाफ्याला घातली की बघच. बांधून बंद पडलेल्या टाक्या प्रत्येक गावात दोन-चार आहेत. नवीन बांधण्याआधी त्या शोध आणि का बंद पडल्या ते त्या घरच्या बाईला विचार. पुरुषाला विचारशील तर तो अनुदान किती मिळालं तेवढंच सांगेल.

उद्या मोठी कंपनी माळाला जमीन मागायला आली तर काय करायचं हे पण आताच गावात बोलून ठेवायला पाहिजे. तुमकूरकडं पावगडला 2,050 मेगावॉटचं सोलर पार्क झालं, तेरा हजार एकरांवर. तिथं जमीन विकत नाही घेतली, भाड्यानं घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला 21,000 रुपये. जमीन नावावर राहिली हे चांगलं. पण ज्यांना जमीनच नव्हती, दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायचे, त्यांना भाडं कोण देणार? असा करार आला तर गावच्या भूमिहीन बायकांना समोर बसवूनच वाचायचा, एवढं तू मनात पक्कं कर.

कधी खचलीस की गोकाकला जाऊन ये. घटप्रभेच्या त्या धबधब्यावर फार पूर्वीच पाण्यापासून वीज तयार झालीय, आपल्याच जिल्ह्यात. आणि बेळगावात टिळकवाडीची काँग्रेस विहीर बघ. 1924 च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते त्या, माणसांना पाणी मिळावं म्हणून ती खोदली. पुढं शहरात पाण्याची ओरड झाली तेव्हा अशा जुन्या विहिरींतला गाळ काढून त्या परत वापरात आणल्या. एका अधिवेशनासाठी खणलेलं पाणी शंभर वर्षांनी कामाला येतंय. मी तिथं कठड्याला हात लावून बराच वेळ उभी होते.

नोकरी लगेच सोडू नकोस. आधी सहा महिने सुट्टीच्या दिवशी ये, आईला सगळं खरं सांग, तिला तुझ्या पगाराचा आधार आहे. येत्या वॉर्ड सभेची तारीख लागली की मी फोन करते. आल्यावर पहिल्या दिवशी मीटिंग नाही, भाषण नाही. आपण दोघी सकाळी अकराच्या अकरा डांब फिरून येऊ, प्रत्येकाचं पाणी आणि व्होल्टेज वहीत लिहू, आणि फणसवाल्यांकडं चहाला जाऊ, फांदी परत वाढलीय.

येताना चांगला मल्टिमीटर आण, इथला बिघडलाय. आणि डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन, खानापुरात महाग देतात.

तुझी,
काकू